खिशातले फ्यूज

आबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. तुम्ही होतात तेव्हा एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुमच्या नावाने जी यायची ती वीजखात्याची, आणि तीही तुम्ही मलाच वाचायला लावायचात, चष्मा सापडत नाही असं सांगून. चष्मा तुमच्या खिशातच असायचा, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. आज रविवार आहे. दुपारचे तीन वाजलेत, सोसायटीतली माणसं जेवून आडवी झालीत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या आठवीच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे. जे सांगायचं आहे ते अर्ध्या वाक्यात कळेल असं माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच एक होतात. बाकीच्यांना आधी वायरमनचं काम समजावून सांगावं लागेल, आणि ते सांगता सांगता मी माझीच बाजू मांडायला लागेन.

तुमचा तो खाकी शर्ट आठवतो. हडपसर तेव्हा गावच होतं, आपल्या खोलीच्या मागे उसाचं शेत होतं, आणि दाराआडच्या खिळ्याला तो शर्ट लटकलेला असायचा. त्याचा उजवा खिसा कायम लोंबलेला. खांबावर चढायचं असलं की तुम्ही आधी डीपीवरचे, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, तिन्ही फ्यूज काढायचात, पांढऱ्या चिनीमातीचे, मुठीएवढे. ते पेटीत ठेवायचे नाहीत, जोडीदाराच्या हातात द्यायचे नाहीत, सरळ स्वतःच्या खिशात घालायचे आणि मग चढायचं. काम संपेपर्यंत कुणी कितीही बोंबललं तरी लाइट सुरू करणार कुठून, फ्यूज तर खांबावर. ‘माझा जीव मी दुसऱ्याच्या खिशात ठेवत न्हाई,’ असं तुम्ही आईला सांगायचात, ती चिडायची तेव्हा, कारण शर्टाचा खिसा दर महिन्याला तिलाच शिवावा लागायचा. एकदा तुम्ही काम संपवून तसेच घरी आलात. फ्यूज खिशात. सगळी आळी अंधारात आणि तुम्ही भाकरीची वाट बघत पाटावर बसलेले. मग दारात पाच-सहा जण जमले आणि एक म्हातारा म्हणाला, ‘वायरमन, आमची लाइट तुमच्या खिशात हाय, तेवढी द्या की.’ आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही मात्र हसला नाहीत, अनवाणीच निघालात.

कोकणात चक्रीवादळ आलं त्या दिवशी पुण्यात नुसता वारा होता. आमच्या सोसायटीतला एक गुलमोहर पडला, एका गाडीची काच फुटली, आणि ग्रुपवर दोन दिवस त्या काचेचीच चर्चा चालली. तिसऱ्या दिवसापासून तिकडचे फोटो यायला लागले. माडांच्या बागा झोपलेल्या, कौलं उडालेली, भिंती तेवढ्या उभ्या, आणि सगळ्यात जास्त खांब. आडवे, वाकलेले, मधोमध मोडलेले खांब. लोकांना घरं दिसत होती, मला खांब दिसत होते. लगेच आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कामाला लागले. त्यांच्या ओळखीतून एक वाडी ठरली आणि क्लबहाउसमध्ये मदत गोळा करायला सुरुवात झाली. पहिल्याच संध्याकाळी कपड्यांचा ढीग बघून त्यांनी दारावर पाटी लावली: ‘कपडे धुतलेले व बटणे असलेले आणावेत. वादळ कोकणात झाले आहे, तुमच्या कपाटात नव्हे.’ तरी लोकांनी आणायचं ते आणलंच. शेरवान्या आल्या, उंच टाचांच्या चपला आल्या, अर्धी वापरलेली शांपूची बाटली आली, कुणीतरी डाएटचे ओट्स दिले. कुठल्याशा पुढाऱ्याने आमच्याकडे ताडपत्र्या पाठवल्या बारा आणि त्यांच्यासोबत स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स वीस. शेवटी उपयोग फ्लेक्सचाच जास्त झाला. वाडीतल्या गोठ्यांवर तो पुढारी अजून उलटा हसतो आहे, असं मी ऐकलं.

ते फाटके कपडे वेगळे काढताना मी मनातून खूश होते, आबा. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. या सोसायटीत मी अठरा वर्षं राहते. कुणी वाईट वागलं असं नाही. पण दारावरची पाटी वाचून, आडनाव लक्षात येऊन, समोरच्याच्या बोलण्यात एक क्षणाचा थांबा येतो, तो तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो आयुष्यभर ऐकलात. खांबावर असेपर्यंत तुम्ही देवमाणूस आणि खाली उतरल्यावर पाण्याचा तांब्या ओसरीच्या कडेला. आमच्याकडे तांब्या कडेला ठेवत नाहीत. आमच्याकडे नुसतं बोलावत नाहीत. या मदतीच्या दिवसांत मात्र चित्र पालटलं. मी यादी करायची, मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, मी सांगेन ते ट्रकमध्ये जायचं. ‘मॅडमना विचारा, मॅडमना माहीत असेल.’ अठरा वर्षांत पहिल्यांदा सेक्रेटरींच्या घरी बसून मी चहा प्यायले, आणि त्या चहाने मला चढली.

पहिल्या ट्रकच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की सोसायटीच्या स्टोअरमध्ये गणपतीचा जनरेटर आहे. मांडवातली लाइट गेली तर हाताशी असावा म्हणून घेतलेला, छोटा, दोरी ओढून सुरू करायचा. वाडीत लाइट नाही म्हणजे विहिरीवरचा पंप बंद, टाकीत पाणी नाही, बायका हंडे घेऊन चढ चढताहेत. तो पाठवावा हे सगळ्यांनाच पटलं आणि सेक्रेटरी म्हणाले, ‘विजेचं खातं मॅडमकडे. वडील वायरमन होते त्यांचे.’ तुमचा उल्लेख या सोसायटीत पहिल्यांदा अभिमानाने झाला. जनरेटरबरोबर एक वायर होती, दोन्ही टोकांना पिन असलेली. मांडववाल्याने कधीतरी बनवून दिलेली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, की सगळ्या क्लबहाउसला लाइट. ती वायर मी दर गणपतीत बघत होते आणि दरवर्षी काही बोलत नव्हते, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. ती मी माझ्या हाताने गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी जनरेटरला बांधली.

आता तुम्ही म्हणाल, पोरी, तुला सांगितलं न्हवतं का. सांगितलं होतं. मी दहा वर्षांची होते. आपल्या घरचा फ्यूज गेला होता आणि तुम्ही ड्यूटीवर. मला शहाणपण सुचलं. जुन्या इस्त्रीची वायर घेतली, दोन्ही टोकांना पिना बसवल्या आणि शेजारच्या काकूंच्या बोर्डातून खिडकीमार्गे आपल्या स्वयंपाकघरातल्या बोर्डात लाइट आणली. आई कौतुकाने बघत होती. तुम्ही दारात आलात, दिवा बघितलात, मग वायर बघितलीत. आधी शेजारी जाऊन ती काढलीत. मग पक्कड घेऊन चुलीसमोर बसलात आणि त्या वायरचे बोटभर लांबीचे तुकडे केलेत, एकेक. मग एक थोबाडीत दिलीत. तुम्ही मला आयुष्यात मारलेली ती एकच थोबाडीत. ‘समोरून येनारा करंट मी बंद करून चढतो,’ तुम्ही म्हणालात. ‘मागनं कुनाच्या घरातनं आला तर मला काय कळनार हाय? तारा मेल्यात म्हनून मी हात घालनार.’ आणि मग सगळं नीट समजावलंत. असं काही जोडायचंच झालं तर आधी घराचा मेन स्विच खाली पाडायचा, म्हणजे करंट घरातच राहतो, बाहेर खांबावर जात नाही. ते तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. मेन पाडायचा. मेन पाडायचा. मेन पाडायचा. दुसऱ्या दिवशी येताना माझ्यासाठी टेस्टर आणलात, पिवळ्या मुठीचा. तो आजही माझ्या पर्समध्ये आहे. शाळेत मुलांना दाखवते.

दुसरा ट्रक निघाला त्या सकाळी वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. वाडीचं सगळं त्याच बघत होत्या. पहिल्या ट्रकमधलं सामान पोचलं होतं. आमच्या गेटवर ट्रक फुलांनी सजवलेला, सेक्रेटरींच्या हातात नारळ, आणि मी एका कानावर हात ठेवून बोलत होते. त्यांच्याकडे रेंज नव्हती, फोन करायला त्या टेकडी चढून आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. ‘ताई, मशीन मिळाली. पण जोडायची कशी? आमच्यात कुणाला कळत नाही. पाणी वाहून माना मोडल्या हो आमच्या.’ मी म्हटलं, सोपं आहे. विहिरीजवळच्या ज्या घरातून पंपाला लाइट जाते तिथे मागच्या पडवीत जनरेटर ठेवा. पिशवीतल्या वायरची एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये. मग दोरी ओढा आणि पंप चालू करा. त्यांनी ते माझ्यामागून म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं. मी म्हटलं, अगदी बरोबर. तेवढ्यात इकडून हाक आली, ‘अहो मॅडम, या ना, तुमच्यामुळे थांबलोय. मध्ये उभ्या राहा.’ मी फोन ठेवला आणि जाऊन मध्ये उभी राहिले.

फोटो काढताना मला मेनचं आठवलं. मग फोन लावला, पण लागला नाही. तिकडे रेंजच नव्हती.

चार दिवस काही झालं नाही. त्याचं कारण मला नंतर समजलं. त्या घरातून खांबाकडे जाणारी वायर वादळात तुटून अंगणात पडली होती, त्यामुळे जनरेटरचा करंट घराबाहेर जायला वाटच नव्हती. पंप चालला, टाकी भरली, नळाला पाणी आलं. अंगणवाडीच्या ताईंनी टेकडीवर येऊन मला बायकांचे फोटो पाठवले, नळाखाली हंडे लावून हसणाऱ्या. मी ते ग्रुपवर टाकले आणि एकोणसाठ जणांनी हात जोडले. पाचव्या दिवशी सकाळी वाडीत वायरमन आले, पुण्याहून मदतीला पाठवलेली तुकडी. दोन आठवडे ते गावोगाव खांब उभे करत फिरत होते. त्यातल्या एकाने सकाळी त्या घराची तुटलेली वायर खांबाला जोडून दिली आणि दुपारी दोन खांब पलीकडे तारा ओढायला चढला. टेस्टर लावून बघितला, तारा मेलेल्या होत्या. वाडीतल्या बायकांनी वायरमन लोकांना जेवायला घालायचं ठरवलं होतं. सतरा दिवसांनी लाइट घेऊन आलेली माणसं, त्यांना कसं उपाशी पाठवायचं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, आणि कुणीतरी ठेवणीतला सुका बांगडा काढला होता. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाला पाणी कमी पडलं. रोज पंप सकाळ-संध्याकाळ लावायच्या, त्या दिवशी दुपारी लावला. पडवीत जाऊन दोरी ओढली.

तो माणूस बावन्न वर्षांचा होता. रस्त्यात झाडं पडलेली होती, जीप फिरून फिरून न्यावी लागली, दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नाही. आबा, तुम्ही इथे विचाराल, त्याने तारांना अर्थिंगची साखळी का नाही टाकली? टाकायला हवी होती. ती टाकून चढला असता तर मागून आलेला करंट जमिनीत गेला असता. या एका गोष्टीला धरून मी दोन रात्री झोपले. त्याचीही चूक होती म्हणायचं आणि कूस बदलायची. मग तुमचंच आठवलं. एकदा तुम्हीही कुठल्याशा वादळानंतर महिनाभर बाहेर होतात आणि परत आलात तेव्हा आईने विचारलं, नीट सगळं बघून करत होतात ना? तुम्ही म्हणाला होतात, ‘समदं बघत बसलो असतो तर अजून तितंच असतो.’ म्हणजे तुम्हीही साखळी टाकली नव्हती. तुम्ही जगलात ते तुमच्या मागच्या घरात माझ्यासारखी कुणी शहाणी नव्हती म्हणून.

संध्याकाळी अंगणवाडीच्या ताई पुन्हा टेकडी चढून आल्या आणि त्यांनी मला फोन केला. पहिली दोन मिनिटं नुसत्या रडत होत्या. मग सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं. त्या काही विजेचं शिकलेल्या नाहीत, पण दोरी ओढली आणि पलीकडे माणूस पडला, यातला संबंध समजायला शाळा लागत नाही. ‘ताई, आम्ही मशीन लगेच बंद केली. वायर विहिरीत टाकली. साहेब विचारायला आले तर मशीन चालूच नव्हती असं सगळ्यांनी सांगायचं ठरलंय. बायका घाबरल्यात हो. जेवण तसंच पडलंय. तुम्ही पण कुणाला बोलू नका.’ आणि मग त्या म्हणाल्या, ‘आमचंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही तर बरोबर सांगितलं होतं. मी जोडताना काही उलटं केलं का, ताई?’ आबा, मी म्हटलं, ‘असेल. आता विचार करू नका.’ एवढंच म्हटलं मी. असेल.

महिन्याभराने कळलं की चौकशीत निघालं ते असं: त्या वाडीला दोन डीपी आहेत, वरची आणि खालची, दोन्हींपर्यंत लाइट त्या सकाळीच आली होती, आणि त्याने चुकीच्या डीपीचे फ्यूज काढले. खालची लाइन सुरूच राहिली, तो तिच्यावर चढला. माणूस थकलेला, जागा अनोळखी, चूक त्याचीच. दुसरं कुठलं कारण कुणाला दिसलंच नाही, कारण ते कारण विहिरीच्या तळाशी पडलं होतं. तो माणूस कात्रजचा निघाला. सेक्रेटरींना हे समजल्यावर त्यांनी भेटायला जायचं ठरवलं, आणि अर्थातच मला बरोबर घेतलं. मी नको म्हटलं नाही. मला वाटलं, तिथे गेल्यावर तोंडून आपोआप निघेल. माणूस स्वतःची किती समजूत काढू शकतो याला काही सीमा नाही.

दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, दारात त्याचे गमबूट धुऊन उलटे ठेवलेले. बाई पन्नाशीच्या, शांत. आम्हाला बसायला सतरंजी घातली, पाणी दिलं. सेक्रेटरींनी शाल आणली होती ती दिली, दोन वाक्यं बोलले आणि मग घड्याळाकडे बघायला लागले. निघता निघता माझी ओळख करून देताना म्हणाले, ‘यांचे वडीलही वायरमन होते.’ त्या बाई थांबल्या. आत गेल्या आणि प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आल्या. दवाखान्यातून परत मिळालेल्या वस्तू. पाकीट, रुमाल, काच तडकलेला मोबाइल. आणि तीन फ्यूज, पांढऱ्या चिनीमातीचे, मुठीएवढे. ‘हे यांच्या खिशात होते,’ त्या म्हणाल्या. ‘ते कायम खिशातच ठेवायचे. तीस वर्षं मी खिसे शिवतेय. आता साहेबलोक म्हणतात, चुकीचे काढले. ताई, यांनी कधी भाजीसुद्धा चुकीची आणली नाही हो. दोनदा विचारायचे. तुमच्या घरात हे काम होतं, तुम्हाला कळत असेल. फ्यूज खिशात असताना करंट येतो कुठून?’

हा प्रश्न विचारताना त्यांनी एक फ्यूज माझ्या हातात दिला होता. त्याच्या खाचेत थोडी लाल माती बसलेली होती. मी तो उलटसुलट करून बघितला, जणू उत्तर त्याच्यावर छापलंय. मी आठवीच्या मुलांना वीज शिकवते. हा प्रश्न मला कुणी वर्गात विचारला असता तर मी फळ्यावर चित्र काढून पाच मिनिटांत समजावला असता, आणि शाबासकी दिली असती. त्या बाईंना मी म्हटलं, ‘कधीकधी असं होतं.’ त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मग मान हलवली आणि फ्यूज परत पिशवीत ठेवला. ‘माझा मुलगा लाइनवर जायचं म्हणत होता,’ त्या म्हणाल्या. ‘आता नको म्हणतो. बापासारखी चूक करायची नाही म्हणतो.’ गाडीत बसल्यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, तुमच्यामुळे त्यांना बरं वाटलं असेल. आपलं असं कुणी भेटलं की.’ आपलं असं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. दूधवाल्यांच्या गाड्या चालल्या होत्या, नेहमीसारख्या.

त्याला सात महिने झाले. वाडीत लाइट आहे, पत्रे आहेत, आंबा आला नाही पण पुढच्या वर्षी येईल म्हणतात. सोसायटीला त्या वाडीने मानपत्र पाठवलं, ते क्लबहाउसमध्ये लावलंय. मी रोज शाळेत जाते, येते. या वर्षी विजेचा धडा शिकवताना मी टेस्टर पर्समधून काढलाच नाही, नुसतं पुस्तक वाचून दाखवलं. तोंडाने सगळं नीट सांगितलं आणि मुलांनी लिहून घेतलं. विहारात जाणं बंद केलंय. तिथे सकाळी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचा जो एक शब्द येतो, त्याच्याशी माझे ओठ थांबतात, आणि शेजारची बाई माझ्याकडे बघते. खरं सांगून काय होईल याचा मी पुष्कळ विचार केला. तो माणूस परत येणार नाही. वाडीतल्या त्या बायका, ज्यांनी भाकऱ्या केल्या, त्या अडकतील. अंगणवाडीच्या ताईंची नोकरी जाईल. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी त्यांच्यामागे लपले आहे. कारण न सांगून काय होतंय ते रोज होतंच आहे. कात्रजला एका घरात एक पोरगा आपल्या बापाला चुकलेला समजून मोठा होतोय, आणि त्याच्या आईच्या कपाटात पुरावा पडून आहे, जो वाचता येणारं माणूस तिच्या सतरंजीवर बसून पाणी पिऊन आलं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. हे जायला हवं ते कात्रजला. पत्ता माझ्याकडे आहे. मी दोनदा पाकिटावर लिहिला आणि दोनदा पाकीट फाडलं. आजही वर मी ‘आबा’ असं लिहिलं ते त्यासाठीच असणार. तुम्ही काही करू शकत नाही. तुमच्यासमोर कबूल करायला मला कष्ट पडत नाहीत. तुमचा हात आता माझ्या गालापर्यंत पोचत नाही.

तो फोटो सोसायटीच्या नोटिस बोर्डावर आहे. फुलांचा ट्रक, नारळ, आणि मध्ये मी. माझं तोंड थोडं उघडं आहे. सगळे चिडवतात, मॅडम, फोटोतसुद्धा सूचना देताय वाटतं. खरंच मी त्या क्षणी काहीतरी म्हणणार होते. मेन पाडायचा. ते शब्द जिभेवर होते. मग कुणीतरी म्हणालं, आता मॅडमनी दोन शब्द बोलावेत, आणि टाळ्या वाजल्या, आणि मी दोन शब्द बोलले. त्यानंतर सेक्रेटरींकडे सगळ्यांना चहा होता.

आबा, वर मी लिहिलंय की नंतर फोन लावला, पण लागला नाही. अंगणवाडीच्या ताईंना पुढे कधी सांगावं लागलं तर हेच सांगायचं, असं मी ठरवून ठेवलंय, आणि लिहिता लिहिता तुम्हालाही तेच सांगितलं. मी फोन लावलाच नव्हता. चार दिवस होते माझ्याकडे.